‘लॅनवरच तर आहे’ म्हणून झिरोएमक्यूची जुनी आवृत्ती ठेवावी का?

प्रश्न असा आहे. कारखान्यातल्या यंत्रांवरचे आकडे गोळा करणारे गेटवे सी++ मध्ये लिहिलेले आहेत, सर्व्हरवरचा भाग पायथनमध्ये आहे आणि दोघांमधली देवाणघेवाण झिरोएमक्यू या संदेश पोहोचवणाऱ्या लायब्ररीवरून चालते. गेटवेवर लिबझेडएमक्यूची, म्हणजे झिरोएमक्यूच्या मूळ सी++ लायब्ररीची, ४.२.५ ही आवृत्ती आहे. सुरक्षा तपासणीत सीव्हीई-२०१९-६२५० या क्रमांकाने जाहीर झालेल्या त्रुटीवर लाल शेरा आला. विक्रेत्याचं म्हणणं असं, की त्रुटीच्या वर्णनातच हल्लेखोर ‘ऑथेंटिकेटेड’, म्हणजे ओळख पटलेला, लागतो असं लिहिलं आहे, सगळं आतल्या लॅनवर आहे, बाहेरून एकही पोर्ट उघडं नाही, तेव्हा चालत्या यंत्रणेला हात लावू नये. फार तर कर्व्ह, म्हणजे झिरोएमक्यूतलंच एन्क्रिप्शन आणि ओळख तपासणी, चालू करू. हे बरोबर आहे का, आणि ही त्रुटी नेमकी आहे तरी काय?

बरोबर नाही. अपग्रेड करा. आणि अपग्रेड होईपर्यंत कर्व्हच्या भरवशावर राहू नका, कारण ४.२.५ वर कर्व्ह चालू केलंत तर एक भोक बुजवताना दुसरं उघडाल. ते कसं, ते पुढे येईलच. पण त्रुटी मुळातून समजून घेतली तर विक्रेत्याशी बोलणं सोपं जाईल, म्हणून तिथून सुरुवात करतो.

झिरोएमक्यूचं काम २००७ साली आयमॅटिक्स या कंपनीत सुरू झालं. पीटर हिंचेन्स आणि मार्टिन सुस्ट्रिक ही त्यातली मुख्य नावं. इतर मेसेजिंग यंत्रणांमध्ये मध्ये एक ब्रोकर बसलेला असतो, संदेश आधी त्याच्याकडे जातात. झिरोएमक्यूत ब्रोकर नाही. लायब्ररी तुमच्याच प्रोग्रॅमच्या पोटात राहते, नेटवर्कवरून आलेले बाइट तीच वाचते, तीच त्यांचे संदेश बनवते. ही रचना वेगवान आहे आणि मला आवडते. पण तिचा एक अर्थ असा, की लायब्ररीत भोक पडलं तर ते थेट तुमच्या प्रोसेसमध्ये पडतं. गेटवेची सेवा रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून चालत असेल, आणि कारखान्यांत ती बऱ्याचदा तशीच चालते, तर हल्लेखोराला मिळतात ते रूटचे अधिकार.

आता तारेवरून काय येतं ते बघू. झिरोएमक्यूच्या प्रोटोकॉलमध्ये जोडणी झाल्यावर दोन्ही बाजू ६४ बाइटचं अभिवादन पाठवतात, मग छोटा हँडशेक, म्हणजे जोडणीच्या अटी ठरवणारी देवाणघेवाण, होतो आणि त्यानंतर फ्रेममागून फ्रेम सुरू होतात. प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला एक बाइट खुणांचा. त्यातली एक खूण सांगते की लांबी एका बाइटात लिहिली आहे की आठ बाइटांत. मग ती लांबी, आणि मग मजकूर. म्हणजे ‘माझा संदेश इतका मोठा आहे’ हे सांगणारा पाठवणाराच असतो. खरं सांगतोय का, हे पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्याची.

४.२.० मध्ये वेगासाठी एक सुधारणा झाली. त्याआधी सॉकेटवरून (जोडणीच्या आपल्या टोकावरून) आलेले बाइट एका बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, यायचे आणि तिथून संदेशाच्या स्वतंत्र जागेत उतरवले जायचे. नव्या पद्धतीत संदेश अख्खाच्या अख्खा त्या ८१९२ बाइटांच्या बफरमध्ये मावत असेल तर नक्कल न करता बफरमधलीच जागा संदेश म्हणून वापरली जाऊ लागली. एक नक्कल वाचली. अशा लायब्ररीत हा फायदा लहान नाही. पण त्यासाठी प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला एक प्रश्न विचारणं आलं: हा बफरमध्ये मावतो का?

तो प्रश्न विचारताना चूक झाली. कोडमध्ये तपासणी अशी होती: वाचनाची जागा दाखवणारा पॉइंटर घ्या, त्यात संदेशाची लांबी मिळवा, आणि बेरीज बफरच्या शेवटाच्या पुढे जाते का ते बघा. पुढे गेली तर नवी जागा मागा, नाही तर बफरमध्येच ठेवा. वाचताना यात काही खटकत नाही. अनुभवी माणसांनीही हे वाचलं आणि पुढे गेले.

लहान आकडे घेऊन करून बघा. समजा बफर १००० या पत्त्यावर सुरू होतो. मग तो ९१९२ ला संपतो. फ्रेमचा खुणेचा एक आणि लांबीचे आठ, असे नऊ बाइट वाचून झालेत, म्हणजे वाचनाची जागा १००९. आता हल्लेखोराने लांबीच्या आठही बाइटांत २५५ भरलेत. ही लांबी होते १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५, म्हणजे ६४ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या. ती १००९ मध्ये मिळवली की स्कूटरच्या जुन्या मीटरसारखं होतं: सगळे नऊ संपले की काटे शून्यावरून पुन्हा सुरू. बेरीज येते १००८. १००८ हे ९१९२ च्या पुढे आहे का? नाही. मग लायब्ररी म्हणते, मावतो की! आणि जगातल्या कुठल्याच मशीनमध्ये न मावणारा संदेश आठ केबीच्या बफरमध्ये बसवून टाकते.

नुसतं एवढंच असतं तरी प्रोग्रॅम फार तर कोसळला असता. पुढची पायरी जास्त गंभीर आहे. डीकोडरमध्ये, म्हणजे बाइट वाचून संदेश बनवणाऱ्या भागात, वेगासाठीच आणखी एक वाट आहे: उरलेला मजकूर बफरहून मोठा असेल तर मधली पायरी टाळा आणि सॉकेटवरून येणारे बाइट थेट संदेशाच्या जागेत उतरवा. एरवी ती जागा संदेशासाठी मुद्दाम मागून घेतलेली असते. इथे मात्र ‘संदेशाची जागा’ म्हणजे बफरमधलाच एक पत्ता. आता सॉकेटला सांगितलं जातं की या पत्त्यावर वाटेल तितकं लिही. हल्लेखोर जितके बाइट पाठवील तितके बफरच्या पलीकडे लिहिले जातात. दहा हवेत तर दहा, दहा हजार हवेत तर दहा हजार. किती लिहायचं हे त्याच्या हातात असणं, हीच अशा हल्ल्यातली सर्वांत मोठी सोय.

बफरच्या पलीकडे काय आहे? त्याच मेमरीच्या तुकड्यात, बफरला लागूनच, प्रत्येक संदेशाची नोंदवही असते. एकेका नोंदीत मजकूर कुठे आहे तो पत्ता, त्याची लांबी, संदेश टाकून देताना बोलवायच्या फंक्शनचा पत्ता, त्या फंक्शनला द्यायची जास्तीची माहिती आणि किती जण हा संदेश वापरताहेत तो आकडा. संदेशाचं काम संपलं की लायब्ररी ती नोंद उघडते आणि तिथे लिहिलेल्या फंक्शनला मजकुराचा पत्ता देऊन बोलावते.

आता दोन्ही गोष्टी जोडा. हल्लेखोर पहिल्या नोंदीवर स्वतःचे बाइट लिहितो: फंक्शनच्या जागी आज्ञा चालवणाऱ्या प्रणालीच्या फंक्शनचा पत्ता आणि मजकुराच्या जागी आपल्या आज्ञेचा पत्ता. मग तो जोडणी तोडतो. जोडणी तुटली की डीकोडर आवराआवर करतो, अर्धवट संदेश टाकून द्यायला नोंद उघडतो, आणि हल्लेखोराने लिहिलेलं फंक्शन हल्लेखोराने लिहिलेल्या पत्त्यासह बोलावतो. स्टॅकवरचा (चालू फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीतला) परतीचा पत्ता बदलण्याची गरज नाही, स्टॅकवर ठेवलेल्या पहारेकऱ्याला चुकवण्याची गरज नाही. प्रोग्रॅम त्याचं नेहमीचंच काम, नेहमीच्याच क्रमाने करत असतो.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बफर आणि नोंदवही एकाच वेळी मागितलेल्या एकाच तुकड्यात आहेत. अॅड्रेस सॅनिटायझरसारखी मेमरीतल्या चुका पकडणारी साधनं मागून घेतलेल्या तुकड्यांच्या कडांवर पहारा ठेवतात. तुकड्याच्या आतच एका भागातून दुसऱ्या भागात लिहिलं गेलं तर त्यांना त्यात वावगं दिसत नाही. स्वतःचा मेमरी वाटप करणारा थर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवायला हवं. वेगासाठी तुकडे एकत्र केलेत की तपासणीची साधनं तेवढ्यापुरती आंधळी होतात.

जानेवारी २०१९ मध्ये गिडो व्ह्रॅन्कन या संशोधकाने ही त्रुटी चालत्या हल्ल्यासकट कळवली आणि काही दिवसांतच ४.३.१ ही आवृत्ती आली. दुरुस्ती एका ओळीची आहे. बेरजेच्या जागी वजाबाकी: बफरच्या शेवटातून वाचनाची जागा वजा करा, किती बाइट शिल्लक आहेत ते काढा, आणि संदेशाची लांबी त्या शिलकीहून मोठी आहे का ते बघा. आपल्या उदाहरणात शिल्लक ८१८३. वीस अंकी लांबी त्याहून मोठी आहे हे आता कुठलंही मीटर फिरल्याशिवाय कळतं. दोन्ही पॉइंटर आपलेच आहेत, त्यांची वजाबाकी नेहमी बफरच्या आकाराच्या आतच येणार. बाहेरून आलेला आकडा कुठल्याही हिशेबात न मिसळता एका बाजूला एकटा उभा राहतो.

तुमच्या स्वतःच्या सी++ कोडमध्येही हेच शोधा, असं मी आग्रहाने सांगेन. नेटवर्कवरून, फाइलमधून किंवा यंत्राच्या कंट्रोलरकडून आलेला आकडा जिथे जिथे पॉइंटरमध्ये किंवा ऑफसेटमध्ये मिळवून मग तुलना केली आहे, ती प्रत्येक जागा संशयाची. सी++ च्या नियमांनुसार तर अ‍ॅरेच्या शेवटाच्या एका घरापलीकडे जाणारा पॉइंटर नुसता बनवणं हीसुद्धा अव्याख्यायित कृती आहे. म्हणजे ‘बेरीज उलटून लहान झाली का’ अशी जास्तीची तपासणी लिहिलीत, तरी ‘असं होऊच शकत नाही’ असं धरून कंपायलर ती काढून टाकू शकतो. वजाबाकीच लिहा.

२०१४ मधली ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतली हार्टब्लीड ही त्रुटी आठवत असेल. तिथेही समोरच्याने सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवला गेला होता. फरक एवढाच, की तिथे बफरच्या पलीकडचं वाचलं जायचं आणि इथे लिहिलं जातं. मुळातला दोष एकच.

आता विक्रेत्याचं पहिलं म्हणणं: हल्लेखोर ‘ऑथेंटिकेटेड’ लागतो. शब्द खरा आहे, पण त्याचा अर्थ चुकीचा लावलाय. हँडशेक पूर्ण झाल्याशिवाय या डीकोडरपर्यंत मोठी फ्रेम पोहोचवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. झिरोएमक्यूत सुरक्षेची पद्धत आपण मुद्दाम निवडली नाही तर ‘नल’ ही पद्धत लागू होते, आणि नलमध्ये ओळख विचारलीच जात नाही. ज्याला टीसीपी जोडणी उघडता येते त्याचा हँडशेक पूर्ण होतो. तुमच्या गेटवेवर आज नल आहे. तसं नसतं तर ‘कर्व्ह चालू करू’ हा प्रस्ताव आलाच नसता. तेव्हा तुमच्यासाठी ‘ऑथेंटिकेटेड हल्लेखोर’ म्हणजे त्या लॅनवरचं कुठलंही यंत्र: देखभालीला आलेल्या कंत्राटदाराचा लॅपटॉप, विंडोजची जुनी आवृत्ती चालवणारा ऑपरेटरचा संगणक, कोपऱ्यातला कॅमेरा.

दुसरं, पोर्ट उघडून बसलेल्या बाजूलाच धोका आहे असं समजू नका. डीकोडर दोन्ही टोकांना असतो. गेटवे स्वतःहून सर्व्हरला जोडणी करत असेल तरी सर्व्हरकडून येणाऱ्या फ्रेम तोच डीकोडर वाचतो. सर्व्हर हातचा गेला तर तिथून सगळे गेटवे घेता येतात. एकाच प्रोसेसच्या आत चालणाऱ्या ‘इनप्रॉक’ जोडण्या मात्र यातून सुटतात, कारण तिथे बाइट वाचायचेच नसतात, संदेश हातोहात दिला जातो.

‘आम्ही संदेशावर स्वतःची सही करतो’ किंवा ‘आतला मजकूर एन्क्रिप्ट केलेला असतो’ हेही उत्तर मी ऐकलंय. उपयोग नाही. ज्युपिटर या पायथनच्या नोटबुक प्रणालीचं उदाहरण घ्या. त्याचे संदेश झिरोएमक्यूवरून जातात आणि त्यांवर एचमॅक, म्हणजे गुप्त किल्लीने केलेली, सही असते. सॉल्ट ही सर्व्हर सांभाळणारी यंत्रणा ४५०५ आणि ४५०६ या पोर्टांवर झिरोएमक्यू वापरते आणि मजकूर स्वतः एन्क्रिप्ट करते. दोन्हीकडे सही किंवा किल्ली तपासली जाते ती संदेश तयार झाल्यावर, आणि ही त्रुटी आहे संदेश तयार होण्याच्या आधी. पाकीट फोडतानाच हात भाजत असेल तर आतल्या पत्राखालची सही खरी की खोटी, याने काय फरक पडणार? ज्युपिटर आपोआप फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो म्हणून तिथला धोका त्याच यंत्रापुरता राहतो. ती मदत पत्त्याची झाली, सहीची नाही.

आता कर्व्ह. ४.२.५ वर कर्व्ह चालू केलंत तर किल्ली नसलेल्याला या त्रुटीपर्यंत पोहोचता येणार नाही, हे खरं. पण जुलै २०१९ मध्ये सीव्हीई-२०१९-१३१३२ जाहीर झाली, आणि ती आहे खुद्द कर्व्हच्या हँडशेकमध्ये. कर्व्हचे चार टप्पे असतात. तिसऱ्या टप्प्यात क्लायंट आपली कायमची किल्ली आणि सोबत थोडी जोडमाहिती एका बंद पेटीत घालून पाठवतो. सर्व्हर ती पेटी उघडायला स्टॅकवर ठराविक मापाची जागा ठेवत होता, जोडमाहितीसाठी २५६ बाइट धरून. पाठवणाऱ्याची पेटी त्याहून मोठी असेल तर? तपासणीच नव्हती. सगळी पेटी स्टॅकवर ओतली जायची. आणि हे सगळं क्लायंट ओळखीचा आहे की नाही हे ठरण्याच्या आधी. सर्व्हरची सार्वजनिक किल्ली माहीत असली की पुरे, आणि ती किल्ली तर नावाप्रमाणेच प्रत्येक गेटवेवर ठेवलेली असते. कर्व्ह चालू ठेवून हे टाळण्याचा अपग्रेडशिवाय दुसरा मार्ग नव्हता. ४.० पासूनच्या सगळ्या शाखांत ही त्रुटी होती, दुरुस्ती ४.०.९, ४.१.७ आणि ४.३.२ मध्ये आली.

कर्व्ह वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. अपग्रेड झाल्यावर ते जरूर चालू करा, कारखान्यातल्या सपाट नेटवर्कवर त्याची गरजच आहे. पण क्रम महत्त्वाचा: आधी लायब्ररी, मग कुलूप.

मेमरीतल्या पत्त्यांची अदलाबदल, म्हणजे एएसएलआर, याबद्दल विक्रेत्याने अजून काही म्हटलं नसेल तर पुढे म्हणेल. त्याच्या बाजूने एक खरी गोष्ट: ६२५० चा फायदा घ्यायचा तर हल्लेखोराला प्रोसेसमधले खरे पत्ते आधी माहीत असावे लागतात. ४.३.१ च्या घोषणेतही एएसएलआर हा परिणामकारक अडथळा असल्याचं नमूद होतं. आजकालच्या सर्व्हरवर, ६४ बिटांत, मुख्य प्रोग्रॅमसुद्धा जागा बदलू शकेल असा कंपाइल केलेला असेल, तर अडथळा भक्कम आहे. पण तुमचे गेटवे तसे आहेत का ते बघा. ३२ बिटांच्या आर्म लिनक्सवर ठरलेल्या मांडणीत लायब्ररींच्या जागेत ८ बिटांचीच अदलाबदल होते, म्हणजे २५६ शक्यता. सेवा कोसळली की दोन सेकंदांत पुन्हा उठवणारा पहारेकरी तुम्ही बसवला असेलच. म्हणजे हल्लेखोराला हवे तितके डाव मिळाले. आणि मुख्य प्रोग्रॅम जुन्या पद्धतीने ठराविक पत्त्यावर बांधलेला असेल तर त्यातल्या पत्त्यांसाठी तेवढीही वाट पाहावी लागत नाही.

आता कुठली आवृत्ती घ्यायची? ४.३.१ वर थांबू नका. ४.३.२ ने कर्व्हची त्रुटी बुजवली, सप्टेंबर २०२० मधल्या ४.३.३ ने आणखी काही: ओळख न पटलेल्या क्लायंटना कर्व्ह सर्व्हर ठप्प करता येणं, जुन्या प्रोटोकॉलच्या बिघडलेल्या पाकिटांनी हीप (मागून घेतलेली मेमरी) ओसंडणं, पब, म्हणजे संदेश प्रसारित करणाऱ्या, सॉकेटवरचा स्टॅक ओसंडणं. २०२३ मध्ये ४.३.५ आली, ती घ्या. ४.२.५ आणि ४.३.५ या दोन्हींच्या सामायिक फाइलचं नाव एकच, शेवटी ५ असलेलं, त्यामुळे प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल न करता फाइल बदलता येते. अर्थात चाचणीच्या गेटवेवर दोन दिवस चालवून मगच बाकीच्यांना हात लावा. तुमच्याकडे जावाचा भाग जेरोएमक्यूवर किंवा डॉटनेटचा नेटएमक्यूवर असेल तर त्यांना या त्रुटी लागू नाहीत, त्या दोन्ही स्वतंत्र लिहिलेल्या लायब्ररी आहेत.

एक सावधानी. डेबियन आणि उबुंटू जुन्या शाखेत आवृत्तीचा मुख्य आकडा तसाच ठेवून फक्त दुरुस्ती आत घालतात. उबुंटू १८.०४ मध्ये ४.२.५ च होती. त्यामुळे ‘४.२.५’ एवढं वाचून ती सदोष आहे असंही म्हणता येत नाही आणि सुरक्षित आहे असंही नाही. पॅकेजचा पूर्ण आकडा, शेवटच्या शेपटीसकट, बघावा लागतो. तुमच्या तपासणीच्या साधनाने तो बघितलाय की नुसता पहिला भाग, ते विचारून घ्या. गेटवेवर विक्रेत्याने स्वतः कंपाइल केलेली ४.२.५ असेल तर मात्र शंकेला जागा नाही, ती सदोषच.

खरी मेहनत पुढे आहे: लायब्ररीच्या किती प्रती आहेत ते शोधणं. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी मी हेच काम केलं होतं. सर्व्हरवरचं पॅकेज नवं केलं, तपासणीचा शेरा हिरवा झाला, अहवाल दिला. तीन आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी तिथल्या पायथन सेवेच्या मेमरीचा नकाशा उघडला, तर त्यात लायब्ररीची वेगळीच फाइल, पायथनच्या पॅकेजांच्या फोल्डरातली, नावाच्या शेवटी लांबलचक हॅश असलेली. पायझेडएमक्यू हे झिरोएमक्यूचं पायथनसाठीचं पॅकेज पिप या पायथनच्या साधनाने बसवलं की बहुतेक वेळा ते लिबझेडएमक्यूची स्वतःची प्रत सोबत घेऊन येतं. प्रणालीचं पॅकेज कितीही नवं करा, पायथन त्याकडे ढुंकूनही बघत नाही. ते तीन आठवडे ती सेवा जुन्याच लायब्ररीवर चालत होती आणि अहवालात ‘दुरुस्त’ असं माझ्या सहीने लिहिलेलं होतं. तो अहवाल मी मागे घेतला, नवा दिला. तेव्हापासून डिस्कवर कुठली फाइल आहे याला मी पुरावा मानत नाही; चालत्या प्रोसेसने काय उघडलंय ते बघतो.

तुम्हीही तसंच करा. लिनक्सवर प्रत्येक प्रोसेसचा मेमरी नकाशा प्रोक फोल्डरात वाचायला मिळतो. सगळ्या प्रोसेसच्या नकाशांत लायब्ररीचं नाव शोधा. फाइल बदलल्यानंतरही एखाद्या ओळीच्या शेवटी ‘डिलीटेड’ दिसलं तर ती सेवा पुन्हा सुरू केलेली नाही आणि अजून जुनाच कोड चालवते आहे. पायथनमध्ये पायझेडएमक्यूला दोन आवृत्त्या विचारता येतात, एक स्वतःची आणि एक आतल्या लायब्ररीची. तुम्हाला हवी ती दुसरी.

काही प्रोग्रॅममध्ये नाव नकाशात दिसणारच नाही, कारण लायब्ररी प्रोग्रॅममध्येच विरघळवलेली असते. झिरोएमक्यूच्या त्या काळच्या परवान्यात अशा जोडणीसाठी मुद्दाम सवलत होती, त्यामुळे बऱ्याच विक्रेत्यांनी तो सोपा मार्ग घेतला. अशा ठिकाणी फाइल बदलून भागत नाही, विक्रेत्यालाच नव्याने बांधून द्यावं लागतं. त्याला लेखी विचारा: लायब्ररी सामायिक आहे की विरघळवलेली, आवृत्ती नेमकी कोणती, दुरुस्त्या घातल्या असतील तर कोणत्या, आणि सेवा कुठल्या वापरकर्त्याच्या नावाने चालते. चौथ्या प्रश्नाचं उत्तर रूट असेल तर तेही याच फेरीत बदलून घ्या.

विक्रेत्याला वेळ लागणार असेल तर मधल्या काळासाठी एक चांगला उपाय आहे. सॉकेटवर संदेशाची कमाल लांबी ठरवता येते. ती न ठरवल्यास उणे एक असते, म्हणजे मर्यादाच नाही. डीकोडरमध्ये या मर्यादेची तपासणी त्या सदोष बेरजेच्या आधी होते, त्यामुळे मर्यादा घातलेली असेल तर वीस अंकी लांबी दारातच परत जाते. यंत्रांचे आकडे पाठवणाऱ्या संदेशाला ६४ केबीसुद्धा खूप झाले. विक्रेत्याने ही मर्यादा सेटिंगच्या फाइलमध्ये उघडी ठेवली असेल तर आजच घाला. त्यासाठी कोड बदलून पुन्हा बांधावं लागणार असेल, तर त्याच बांधणीत नवी लायब्ररीच घालायला सांगा. अपग्रेडनंतरही मर्यादा राहू द्या, नाहीतर एखादा बिघडलेला क्लायंट लांबी फुगवून मेमरी खाऊ शकतो. शिवाय सॉकेट सगळ्या पत्त्यांवर ऐकत असेल तर त्याला लागणाऱ्या एकाच पत्त्यावर बांधा आणि गेटवेचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं करा.

भाषा बदलावी का, असं मला यावर नेहमी विचारलं जातं. रस्टमध्ये प्रत्यक्ष वापराच्या बांधणीत पूर्णांकांची बेरीज ठरलेल्या सेटिंगनुसार गुपचूप उलटते, ते तिथेही सुटत नाही. पण उलटलेल्या आकड्याने बफरच्या पलीकडे लिहायला गेलात तर सीमा-तपासणी तुम्हाला थांबवते, प्रोग्रॅम तिथेच पडतो. गेटवे पडणं आणि गेटवे दुसऱ्याच्या ताब्यात जाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नवीन गेटवे लिहायला घेणार असाल तर याचा विचार जरूर करा. आहेत त्या गेटवेंसाठी मात्र आजचं काम फाइल बदलण्याचं आहे.

आणि फाइल बदलण्याआधी एक गोष्ट करा. या लायब्ररीने कोण आलं, किती मोठी लांबी सांगितली, याची नोंद आपोआप होत नाही. हल्ल्याचे फसलेले प्रयत्न दिसले तर ते फक्त सेवा कोसळण्याच्या रूपात दिसतात. गेटवेवरच्या कर्नेलच्या नोंदी आणि कोअर डम्प (प्रोग्रॅम कोसळताना घेतलेली मेमरीची प्रत) जितके मिळतील तितके आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. बऱ्याच लहान यंत्रांवर या नोंदी रॅममध्येच असतात आणि अपग्रेडसाठी यंत्र बंद-चालू केलं की कायमच्या जातात. त्यांत गेटवेची सेवा कारण नसताना वारंवार पडलेली दिसली, त्यातही संदेश टाकून देण्याच्या फंक्शनमध्ये पडलेली दिसली, तर त्या गेटवेवर नुसती लायब्ररी बदलू नका. तो नेटवर्कवरून काढा आणि संपूर्ण प्रणाली नव्याने बसवा.